‘माझी बुद्धी पायात आहे’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं ‘मुलात कुठली बुद्धिमत्ता आहे’ या एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. मी तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीच जुन्नर तालुक्यात. उत्तरं त्या अनुभवातून देते आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. खो-खो छान खेळते. तिच्या वर्गाच्या भिंतीवर आठ पाकळ्यांचं मोठं फूल लावलंय. एकेका पाकळीवर एकेक बुद्धिमत्ता आणि त्याखाली मुलांची नावं. माझ्या मुलीचं नाव ‘शारीरिक’ या पाकळीत आहे. आधी मला कौतुक वाटलं. आता गणिताला बसवलं की ती म्हणते, “आई, मला नाही येणार. माझी बुद्धी पायात आहे.” मी उगाच घाबरतेय का?
– एक आई, चाळीसगाव

उत्तर : ताई, तुम्ही उगाच घाबरलेल्या नाही. तुमचं पत्र वाचून माझ्याही पोटात कालवलं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल इतक्या लवकर निकाल लावून टाकावा, आणि तोही शाळेतल्या कौतुकाच्या फुलावरून!

ज्या विचारातून हे फूल आलं तो मुळात फार उदार आहे. हॉवर्ड गार्डनर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. एखाद्याची वाचा जाते, पण सूर जात नाही, अशी उदाहरणं त्यांच्यासमोर होती. शेबालिन नावाच्या रशियन संगीतकाराचं बोलणं आणि बोललेलं समजणं पक्षाघाताच्या झटक्यांनी पार बिघडलं होतं, तरी तो शेवटपर्यंत संगीतरचना करत राहिला. अशा पुराव्यांवरून गार्डनरनी १९८३ मध्ये मांडलं, की बुद्धी हा एकच गोळा नाही. भाषेची, तर्क-गणिताची, अवकाशाची म्हणजे जागा-आकार-दिशा जाणण्याची, संगीताची, शरीराची, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची, अशा सात त्यांनी सांगितल्या. निसर्गाची आठवी पुढे १९९० नंतरच्या दशकात घातली. हे सगळ्यांना पटलेलं नाही, तेही सांगायला हवं. पुष्कळ मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की या आठ गोष्टी इतक्या सुट्या नाहीत. एका परीक्षेत पुढे असलेलं मूल बहुधा दुसरीतही पुढे असतं. पण खुद्द गार्डनर काय म्हणतात ते पाहा. प्रत्येक माणसात या सगळ्याच असतात, कमी-जास्त प्रमाणात, आणि कुठलंही खरं काम करताना त्यातल्या दोन-तीन एकदम कामाला लागतात. म्हणजे आठही पाकळ्या एकेका मुलाच्या आहेत. वर्गातली मुलं आठ पाकळ्यांत वाटून टाकायची, हे त्यात कुठेच नाही.

आता तुमच्या मुलीचा खो-खोच बघा. आठ जणी एकाआड एक उलट तोंड करून बसलेल्या. नववीला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जावं लागतं. पळणारीला मात्र दोघींच्या मधून कुठूनही शिरता येतं. एकेरी साखळीने, म्हणजे बसलेल्या एकेकीच्या मधून नागमोडी पळताना तुमची मुलगी दर क्षणी ठरवत असते, की खो कुणाला मिळेल, ती कुठल्या बाजूला तोंड करून बसली आहे, खांब किती लांब आहे. हे पायांचं काम आहे का? पाय फक्त ऐकतात.

तिच्याकडून एक करून घ्या. तिला मागच्या सामन्यातली तिची पाळी कागदावर काढायला सांगा. बसलेल्या आठ जणी, त्यांची तोंडं, दोन खांब आणि ती पळाली ती वाट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातली खो-खोची बातमी काढा. खेळाडूच्या नावापुढे ‘१.५० मि.’ असं छापलेलं असतं. तिला विचारा, हे दीड मिनिट आहे का? ती म्हणेल, छे, एक मिनिट पन्नास सेकंद. मग गणिताच्या पुस्तकात १.५० म्हणजे दीड कसं? सहावीत दशांश अपूर्णांक आहेत आणि पुष्कळ मुलं तिथे अडतात. तिला ती गाठ इतरांपेक्षा आधी दिसेल, कारण तिच्यासाठी या दोन्हींमधले वीस सेकंद खरे आहेत. घाई करू नका. ती स्वतः चिडून “पण मग असं का लिहितात?” म्हणेल, तिथपर्यंत थांबा.

आणि शाळेत जाऊन बाईंशी बोला. भांडू नका, त्यांनी प्रेमानेच लावलंय ते फूल. मुलीने म्हटलेलं वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा. मी त्यांच्या जागी असते, तर ते वाक्य ऐकल्यावर फूल त्याच दिवशी उतरवलं असतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एका संस्थेने शिबिर घेतलं. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन, साडेसहा हजार रुपयांत, चाळीस पानांचा ‘जन्मजात बुद्धिमत्ता अहवाल’ दिला. त्यात संगीत ७ टक्के आहे. मुलगा तिसरीत असून दोन वर्षं तबला शिकतोय. बंद करावा का?
– एक वडील, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तबला बंद करू नका.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात घडतात आणि मग आयुष्यभर तशाच राहतात. म्हणून तर पोलिसांना त्यांचा उपयोग होतो. तुमच्या मुलाने तबल्याला हात लावला त्याच्या आदल्या दिवशी ठसे घेतले असते, तरी हाच अहवाल आला असता. दोन वर्षांत तो जे शिकला त्यातलं काहीही या चाळीस पानांत असणं शक्य नाही. ठशांवरून बुद्धीचे टक्के काढण्याला शास्त्राचा आधार नाही. गार्डनरचं नाव या अहवालात असलं, तरी त्यांचा आणि ठशांचा काही संबंध नाही.

बुद्धीच्या ज्या चाचण्या मानसशास्त्रात वापरतात, त्यांची सुरुवातही वेगळ्या हेतूने झाली होती. आल्फ्रेड बिने यांनी सिमाँ या सहकाऱ्याबरोबर १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जास्तीची मदत मिळावी म्हणून. बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा, असं मानणाऱ्यांवर त्यांनी स्वतःच पुढे कडक टीका केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बदलून घेतली. आजही बिने-कामत चाचणी वापरतात, पण ती मानसशास्त्रज्ञ मुलाला समोर बसवून घेतात, आणि काही अडचण दिसली तरच. तुमच्या मुलाची अडचण पत्रात कुठेच दिसत नाही.

अहवाल मुलाला दाखवला नसेल तर दाखवू नका. दाखवला असेल, तर त्याला जवळ घेऊन सांगा की बाबांची चूक झाली. मग त्याच्या गुरुजींना विचारा, पोरगं कसं करतंय. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा त्याचे हात बघणाऱ्या माणसाला नक्की ठाऊक असेल.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही वर्गांत मिळून २७ मुलं आहेत. प्रशिक्षणात सांगितलं, की प्रत्येक मुलाची बुद्धिमत्ता ओळखा, प्रत्येक पाठाला आठ प्रकारचे उपक्रम घ्या आणि ज्याला जसं कळतं तसंच त्याला शिकवा. ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहार, बैठका यातून वेळ कुठून आणू? खरं सांगते, वर्णनात्मक नोंदी मी बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून उतरवते. रात्री अपराधी वाटतं.
– एक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : बाई, नोंदींचं तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

आठ उपक्रम करू नका. ‘कोनाची ओळख’ या पाठावर कोनाचं गाणं, कोनाचा नाच आणि कोनाची कविता केल्याने कोन कळत नाही, नुसता तास संपतो. आणि ‘ज्याला जसं कळतं तसंच शिकवा’ या सूचनेचा बोजा तर आजच डोक्यावरून उतरवा. हे मूल डोळ्याने शिकणारं, ते कानाने शिकणारं, असं ठरवून त्याप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं का, याची २००८ मध्ये चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नीट छाननी केली. तसा म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. गार्डनरनीही सांगितलंय, की त्यांच्या बुद्धिमत्ता म्हणजे अशा शिकण्याच्या पद्धती नव्हेत. कोन सगळ्यांनाच डोळ्याने बघावा लागतो, आणि कविता सगळ्यांनाच कानाने ऐकावी लागते.

मग मुलातलं वेगळं दिसायचं कसं? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आपल्याकडे आलं, तेव्हा आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची जी आठ साधनं दिली त्यात पहिलंच आहे दैनंदिन निरीक्षण. त्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही, आणि नेमकं तेच आपण पुस्तकातून उतरवतो. शंभरपानी वही घ्या. एका मुलाला तीन पानं. रोज फक्त दोन मुलं ठरवा आणि शाळा सुटायच्या आधी प्रत्येकाबद्दल एकच वाक्य लिहा. वर्षाचे २०० दिवस धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला चौदा-पंधरा वाक्यं येतात. अट एवढीच, की डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं, विशेषण घालायचं नाही. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य कुठल्याही मुलाच्या नावापुढे चालतं. ‘खिचडी वाढायच्या आधी ताटल्या मोजल्या आणि दोन कमी पडतील असं सांगितलं’ हे एकाच्याच नावापुढे चालेल. वर्गात बसून अशी वाक्यं फार मिळत नाहीत. परसबागेत, हात धुण्याच्या रांगेत, मधल्या सुट्टीच्या भांडणात, गणपतीच्या आराशीत मिळतात.

नारायणगावची एक आठवण सांगते. तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. फड दसऱ्याला बाहेर पडतो तो वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. त्यामुळे फडातल्या एका ढोलकीवाल्याचा मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात फक्त पावसाळ्यात असायचा. वाचन अडखळत, पाढे अर्धवट. माझ्या वहीत त्याच्याबद्दल तीन वेळा तेच वाक्य होतं, ‘बाकावर बोटं वाजवतो’. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ती तक्रार होती. तिसऱ्यांदा लिहिताना मी थांबले आणि वाजवतो काय ते ऐकलं.

तेव्हा अपूर्णांक चालू होते. पाव मोठा की अर्धा, असं शब्दात विचारलं की बाजारातली ही मुलं झटकन सांगायची. पण फळ्यावर १/२ आणि १/४ लिहिलं की निम्मा वर्ग म्हणायचा, १/४ मोठा, कारण चार मोठे. त्याला मी पुढे बोलावलं आणि विचारलं, तू ठेका दुप्पट करतोस म्हणजे काय करतोस? तो म्हणाला, “ठेका तेवढाच बाई, जागा निम्मी.” आणि चौपट? “मग अजून लवकर संपतो.” मी वर्गाला आठ टाळ्या संथ लयीत धरायला लावल्या. त्याने त्यावर आठ मात्रांचा केरवा ताल वाजवला. मग दुपटीत वाजवला, तो चार टाळ्यांत बसला. चौपटीत दोनच टाळ्यांत. खालचा आकडा वाढला की तुकडा का लहान होतो, हे त्या दिवशी त्याच्या बोटांनी वर्गाला दाखवलं. एक मुलगी उठून म्हणाली, “म्हणजे एक दुप्पट आणि दोन चौपट मिळून जागा भरते.” अर्धा अधिक पाव अधिक पाव. मी फळ्यावर नुसतं लिहून घेतलं.

हे इथेच थांबवलं तर गोष्ट गोड होईल, पण अर्धीच राहील. अपूर्णांक त्याला आले, वाचन नाही आलं. ढोलकीने वाचन येत नाही. त्यासाठी रोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं मी त्याला जवळ बसवून अक्षरं, जोडाक्षरं, शब्द, वाक्यं हेच केलं. फरक एवढाच, की अपूर्णांकाच्या दिवसानंतर तो माझ्याजवळ बसायला तयार होता. त्याआधी चार वेळा उठून पाणी प्यायला जायचा. दसऱ्याला फड निघाला, तेव्हा तो अडखळत का होईना, एक पान वाचत होता.

आणि हे मला उशिरा कळलं, ते एका चुकीतून. त्याच्याही आधी, दुसऱ्या एका गावी, माझ्याकडे एक मुलगा होता. पोळ्याला नदीकाठच्या चिकणमातीचे बैल करायचा. वशिंड, खुरं, मानेची वळी, सगळं हुबेहूब. गार्डनरच्या या बहुविध बुद्धिमत्तेचं मी नुकतंच वाचलं होतं, मन भरून आलं होतं. मराठीच्या तासाला तो वाचायला कंटाळला की मी त्याच्या हातात माती द्यायची. ‘याची बुद्धी हातात आहे’ असं मी गावातही सांगत फिरले. पाचवीला तो दुसऱ्या शाळेत गेला. दिवाळीत त्याचे वडील घरी आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, बसवरची पाटी वाचता येईना त्याला. तुम्ही तर म्हणायचा हुशार आहे.”

तो अक्षरं उलटी लिहायचा, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत चुकायचा, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळायचा. वाचनातल्या अक्षमतेची ती खूण असू शकते, हे मला माहीत असायला हवं होतं. वेळेवर तपासणी झाली असती तर त्याला खास मदत मिळाली असती, पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलतही मिळते. मी त्याची माती पाहिली आणि त्या कौतुकाच्या आड त्याचं न वाचणं झाकून टाकलं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मूल कशात चमकतं ते वहीत लिहाल तेव्हा ते कशात अडतं तेही त्याच पानावर लिहा. तिसरीतलं मूल वर्षभर रोज शिकवूनही वाचत नसेल, तर ‘याची बुद्धी वेगळी आहे’ म्हणून सोडू नका. पालकांना बोलवा, समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा, तपासणी करून घ्या.

पुस्तकातून नोंदी उतरवल्याचं मनाला लावून घेऊ नका. उद्या दोन मुलांपासून सुरू करा.

प्रश्न : मी नववीत आहे. सरांनी आमच्याकडून ८० प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. सगळ्यांना कुठली तरी बुद्धिमत्ता जास्त आली. मला आठही रकान्यांत सारखेच मधले गुण. मित्र म्हणतात, तुला कसलीच बुद्धी नाही. घरी शेळ्या मी बघतो आणि उन्हाळ्यात टँकर आला की सगळ्यांचे नंबर लावायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे अभ्यासाला वेळ कमी पडतो. माझ्यात काय आहे, सांगाल का?
– एक विद्यार्थी, धाराशिव जिल्हा

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी त्या प्रश्नावलीचं बघू. तिच्यात ‘मला वाद्य वाजवायला आवडतं’, ‘मला नकाशे समजतात’ अशी वाक्यं असतील आणि पुढे नेहमी, कधी कधी, कधीच नाही असे रकाने. तू बहुतेक ठिकाणी ‘कधी कधी’वर खूण केली असणार. ज्याच्या हातात कधी वाद्य आलंच नाही, त्याने दुसरं काय लिहायचं? अशा प्रश्नावलीतून माणूस स्वतःबद्दल काय सांगतो तेवढंच कळतं. त्याला काय करता येतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. ज्यांना एखाद्या रकान्यात जास्त आले, त्यांच्यातल्या काहींनी मोकळ्या हाताने ‘नेहमी’ लिहिलं असेल, बस. तू जपून लिहिलंस. ही काही उणीव नव्हे, पण तेही राहू दे.

एका पत्रावरून ‘तुझ्यात अमुक बुद्धी आहे’ असं मी सांगणार नाही. सांगितलं तर मीही एक रकानाच भरेन. पण तू एक वाक्य अगदी सहज, तक्रार म्हणून लिहून गेलास. टँकरपाशी नंबर तू लावतोस. गावातली मोठी माणसं असताना हे काम नववीतल्या मुलाकडे कसं आलं? मी टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. तिथे हंड्यावरून डोकी फुटतात. ज्याचं सगळे ऐकतील, असाच माणूस तिथे उभा राहू शकतो, आणि लोक त्याचं ऐकतात ते त्याने आधी कधीतरी कुणावर अन्याय केलेला नसतो म्हणून.

शेळ्यांचंही तसंच. किती आहेत, कुठली आजारी पडणार हे तुला आधी कळतं का, कशावरून कळतं, हे तू कधी कुणाला सांगितलं आहेस?

अभ्यासाला वेळ कमी पडतो ते मात्र गंभीरपणे घे. पुढच्या वर्षी दहावी आहे. वर्गशिक्षकांना स्पष्ट सांग, की उन्हाळ्यात माझा सकाळचा वेळ पाण्यात जातो, शाळा सुटल्यावर अर्धा तास मला गणिताला द्याल का? बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. त्यांना कुणी विचारतच नाही.

आणि मला परत पत्र लिही. टँकर आला की पहिला हंडा कुणाचा, हे तू कसं ठरवतोस? एकटी म्हातारी उशिरा आली तर काय करतोस? पाणी शेवटच्या चार घरांना पुरणार नाही हे तुला कधी कळतं, आणि मग त्यांना काय सांगतोस? जसं घडतं तसं लिही, शुद्धलेखनाची काळजी करू नको. ते पत्र छापणार नाही. उत्तर मी घरच्या पत्त्यावर पाठवीन.